दौलताबादचा हौद आणि बॅरिस्टर बाबासाहेब : लॉच्या प्रवेशासाठी निबंध लिहिणाऱ्यांसाठी



आपल्याकडे लॉचा प्रवेश क्लॅट किंवा सीईटीच्या गुणांवर होतो. परदेशातील विद्यापीठे आणि शिष्यवृत्त्या मात्र एसओपी, म्हणजे स्वतःच्या हाताने लिहिलेला निबंध मागतात. कायदाच का शिकायचा, हे त्यात सांगावे लागते. आपली अनेक हुशार मुले-मुली इथेच अडतात. काही जण नुसती गुणपत्रिका मांडतात, काही जण नुसते दुःख. बाबासाहेबांचे आयुष्य या नजरेने वाचले, तर वाट सापडते.

सुभेदार रामजींचा हा मुलगा 1907 मध्ये मॅट्रिक झाला. एल्फिन्स्टन कॉलेजातून बी.ए. झाल्यावर महाराजा सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर तो 1913 मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पोहोचला. विषय होता अर्थशास्त्र. कायद्याचे दार उघडले 1916 मध्ये, लंडनला. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये नाव घालतानाच त्यांनी ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरीसाठी प्रवेश घेतला. कोलंबियाचे प्राध्यापक सेलिग्मन यांचे शिफारसपत्र सोबत होते. शिफारस मिळाली ती तीन वर्षे ग्रंथालयात बसून केलेल्या अभ्यासामुळे.

शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि 1917 मध्ये परतावे लागले. करारानुसार बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले. परदेशी पदव्या घेतलेल्या या अधिकाऱ्याला त्या शहरात राहायला खोली मिळेना. पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहिले, तिथूनही लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने बाहेर काढले. मुंबईत येऊन सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी केली, पैसे साठवले. शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांचे कर्ज घेऊन 1920 मध्ये पुन्हा लंडन गाठले. 1922 मध्ये बॅरिस्टर झाले, 1923 मध्ये डी.एस्सी. मिळवली.

सनद हातात आल्यावर तिचा उपयोग कुणासाठी केला, हे पाहा. 1926 मध्ये ‘देशाचे दुश्मन’ खटल्यात त्यांनी केशवराव जेधे आणि दिनकरराव जवळकर यांची बाजू लढवून त्यांना सोडवले. 20 मार्च 1927 रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्यायले, त्यावर दावा झाला. तो दहा वर्षे चालला. अस्पृश्यांना तळ्यावर बंदी ही फार प्राचीन रूढी आहे, असे विरोधकांचे म्हणणे होते. ते त्यांना पुराव्याने सिद्ध करता आले नाही आणि 17 मार्च 1937 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला. मोर्चा एका दिवसाचा होता, त्यामागची कागदपत्रांची लढाई दहा वर्षांची.

याच काळातली एक घटना आपल्या शहराच्या उंबऱ्यावरची आहे. 1934 मध्ये बाबासाहेब सहकाऱ्यांसह वेरूळला निघाले होते. वाटेत दौलताबाद किल्ल्यापाशी सर्वांनी हौदावर हातपाय धुतले. पाणी बाटवले म्हणून लोक धावून आले, शिवीगाळ सुरू झाली. बाबासाहेबांनी त्या मुसलमान जमावाला विचारले की हे तुमच्या धर्मात बसते का, आणि उद्या एखादा अस्पृश्य मुसलमान झाला तर त्यालाही अडवाल का. जमाव गप्प झाला. तरीही किल्ल्यात कुठे पाण्याला हात लागू नये म्हणून सोबत हत्यारबंद शिपाई दिला गेला.

ही हकीकत त्यांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या छोट्या आत्मकथनात लिहून ठेवली. लहानपणी मसूर स्टेशनवरून गोरेगावला जाताना दुप्पट भाडे देऊनही गाडीवान त्यांच्यासोबत गाडीत बसायला तयार नव्हता, ती गोष्टही त्यात आहे. निबंध लिहिणाऱ्याने हे लेखन जरूर वाचावे. पानांची संख्या थोडी आहे. गाव, प्रसंग, कोण काय बोलले, पुढे काय झाले, एवढेच साध्या शब्दांत सांगितले आहे. विशेषणे जवळपास नाहीत. स्वतःचे अनुभव सांगून झाल्यावर ते इतरांवर गुदरलेले प्रसंगही मांडतात, म्हणजे एकट्याची व्यथा संपूर्ण समाजाच्या स्थितीचा पुरावा होते.

तुमच्या निबंधातही हेच करा. एकच प्रसंग निवडा: वस्तीचा सातबारा, अडकलेली शिष्यवृत्ती, न नोंदवलेली तक्रार. तो तारीखवार सांगा. त्यात कोणता कायदा लागू होता आणि तो कुठे कमी पडला, हे शोधून लिहा. मग त्यावर तुम्ही आजवर काय केले आणि त्या विद्यापीठातला कोणता अभ्यास तुम्हाला पुढे नेईल, ते सांगा. बाबासाहेबांचे नाव घालून परिच्छेद भरू नका, निवड समिती तुमचे काम शोधत असते. मसुदा शिक्षकांना दाखवा, दोन-तीनदा पुन्हा लिहा.

1950 मध्ये बाबासाहेबांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीतर्फे याच शहरात मिलिंद महाविद्यालय सुरू केले, तेव्हा मराठवाड्यातल्या गोरगरिबांच्या मुलांसाठी उच्च शिक्षणाची सोय फारच तोकडी होती. राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आणि केंद्राची नॅशनल ओव्हरसीज शिष्यवृत्ती आज उपलब्ध आहे. नागसेनवनाच्या ग्रंथालयात बसा आणि पहिला मसुदा या आठवड्यातच लिहायला घ्या.