चार्लीची पैज

दर गुरुवारी तुमच्या ग्रुपवर हा खेळ चालतोच. उद्याचा पिक्चर चालणार की आपटणार? कुणी ट्रेलरचे व्ह्यूज मोजतं, कुणी बुकिंग अ‍ॅप उघडून किती खुर्च्या भरल्या ते बघतं, तर कुणी नुसतं हिरोचं नाव ऐकून निकाल देऊन टाकतं. करोनानंतर हाच खेळ मोठी माणसंही जरा जास्तच गंभीरपणे खेळत होती. २२ ऑक्टोबर २०२१ला महाराष्ट्रात थिएटर निम्म्या खुर्च्यांवर पुन्हा उघडली. लोक घरबसल्या पिक्चर बघायला सोकावलेत, आता ते काही परत येत नाहीत, असं छातीठोकपणे सांगणारे तेव्हा पुष्कळ होते. महिन्याभरात ‘झिम्मा’ आला आणि लंडनच्या सहलीला निघालेल्या सात बायकांची गोष्ट बघायला मराठी घरंच्या घरं थिएटरात शिरली.

साथ ओसरल्यावर प्रेक्षक परत येतील का, हा प्रश्न काही तुमच्या पिढीला पहिल्यांदा पडलेला नाही. शंभर वर्षांपूर्वी तो अमेरिकेतल्या प्रत्येक थिएटरवाल्याला पडला होता. आणि त्या दिवसांत ज्याच्या नावावर गल्ला भरत होता, त्याला तुम्ही चांगले ओळखता. गोल हॅट, छोटी मिशी, ढगळ पँट आणि हातात काठी. चार्ली चॅप्लिन.

चार्लीचा जन्म १८८९ मधला, लंडनचा. आई-वडील दोघंही गाण्याच्या कार्यक्रमांत काम करायचे. चार्ली पाच वर्षांचा असताना एका कार्यक्रमात आईचा आवाज बसला, लोक हुर्यो उडवायला लागले आणि मॅनेजरनं वेळ मारून न्यायला या पोराला स्टेजवर उभं केलं. पोरगं गायला लागलं तशी स्टेजवर नाणी पडायला लागली. त्यानं गाणं थांबवलं, आधी पैसे गोळा करतो, मग गातो, असं लोकांना सांगितलं आणि खाली वाकला. मॅनेजर मदतीला आला, तर हा पैसे घेऊन पळेल या भीतीनं त्याच्या मागेमागे धावला. पैसे आईच्या हातात पडल्यावरच परतला. लोक हसून बेजार. प्रेक्षक पैसे कशाला देतो, याचा चार्लीला मिळालेला हा पहिला धडा. पुढे वडिलांचा आधार सुटला, आई आजारी पडली आणि सात वर्षांच्या चार्लीला भावासोबत गरिबांसाठीच्या सरकारी आश्रमात राहावं लागलं. त्यामुळे पैसा त्याच्या लेखी कधीच नुसता आकडा नव्हता.

नाटकमंडळीबरोबर तो अमेरिकेत गेला आणि १९१४ मध्ये कीस्टोन कंपनीच्या छोट्या विनोदी फिल्ममध्ये दिसायला लागला. सुरुवात बरी नव्हती. दिग्दर्शकांशी खटके उडत होते, कंपनीचा मालक मॅक सेनेट त्याला काढून टाकायच्या बेतात होता. तेवढ्यात न्यूयॉर्कच्या ऑफिसकडून तार आली. चॅप्लिनच्या फिल्म आणखी पाठवा, मागणी प्रचंड आहे.

तेव्हा आजच्यासारखे रोजचे आकडे नव्हते. यश मोजायचं ते फिल्मच्या किती प्रिंट निघाल्या त्यावरून. चार्लीनं आत्मचरित्रात लिहून ठेवलंय, की कीस्टोनच्या फिल्मच्या साधारण वीस प्रिंट निघायच्या. तीस निघाल्या तर चांगलं यश. त्याची चौथी फिल्म पंचेचाळीसवर गेली होती आणि मागणी वाढतच होती. स्टुडिओत बसलेल्यांना जे दिसलं नव्हतं, ते तिकीटबारीवरच्या माणसाला आधी कळलं होतं.

चार्लीला आता स्वतः दिग्दर्शन करायचं होतं. सेनेट तयार होईना. फिल्म दाखवण्यालायक झाली नाही, तर? चार्लीनं उत्तर दिलं ते रोख. साठवलेले १५०० डॉलर त्यानं हमी म्हणून पुढे केले. आठवड्याला १५० डॉलर कमावणाऱ्या माणसाची ही पैज होती. ती त्यानं जिंकली. या माणसाचं सगळं आयुष्य समजून घ्यायचं, तर हे १५०० डॉलर लक्षात ठेवा. पिक्चर चालेल की नाही, हे आपल्याला आधी कळतं असा दावा त्यानं फारसा केला नाही. बहुतेक वेळा त्यानं आपले पैसे लावले आणि लोकांच्या तोंडाकडे बघितलं.

दोनच वर्षांत त्याचा पगार आठवड्याला १०,००० डॉलरवर गेला. १९१७ मध्ये फर्स्ट नॅशनल या थिएटरमालकांनी एकत्र येऊन काढलेल्या कंपनीनं आठ फिल्मसाठी सुमारे दहा लाख डॉलर मोजले. आणि मग उजाडलं १९१८.

युरोपात महायुद्ध चालू होतं आणि चार्लीनं विषय निवडला खंदकातल्या सैनिकाचा. पाण्यानं भरलेल्या खंदकात झोपणारा, झाडाचं सोंग घेऊन शत्रूच्या हद्दीत शिरणारा सैनिक. युद्धावर विनोद धोक्याचा आहे, असं मोठमोठ्या लोकांनी त्याला बजावलं. फिल्म तयार झाली तेव्हा त्याचं स्वतःचंच मन खट्टू झालं. ही कचऱ्यात टाकावी, असं त्याला वाटायला लागलं. टाकण्याआधी त्यानं ती मित्राला, नट डग्लस फेअरबँक्सला दाखवली. डग्लस पोट धरून हसत सुटला. ‘शोल्डर आर्म्स’ वाचली ती या हसण्यामुळे. म्हणजे बघा, जगातला सगळ्यात लोकप्रिय विनोदवीर आपल्याच फिल्मच्या बाबतीत साफ चुकला होता.

फिल्म लागणार होती २० ऑक्टोबर १९१८ला. मुहूर्त याहून वाईट मिळाला नसता. इन्फ्लुएंझाची साथ ऐन भरात होती. या साथीनं अमेरिकेत सुमारे पावणेसात लाख माणसं नेली आणि आपल्या भारतात तर एक कोटीहून जास्त. अमेरिकेतल्या शहरामागून शहरातली थिएटर बंद होत होती. लॉस एंजेलिसमधली ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात बंद झाली, ती डिसेंबर उजाडेपर्यंत उघडली नाहीत. निर्मात्यांच्या संघटनेनं काही आठवडे नव्या फिल्म बाहेर काढायच्याच नाहीत, असं ठरवलं.

न्यूयॉर्कनं वेगळी वाट धरली. तिथल्या आरोग्य आयुक्तांनी थिएटर चालू ठेवली, पण सगळी गर्दी एकाच वेळी रेल्वेत चढू नये म्हणून खेळांच्या वेळा मागेपुढे केल्या. थिएटरात धूम्रपान बंद केलं आणि खोकणाऱ्याला बाहेर काढायला सांगितलं. याच शहरातल्या स्ट्रँड या सुमारे तीन हजार खुर्च्यांच्या थिएटरात ‘शोल्डर आर्म्स’ लागली आणि लोक आले. थिएटरचे व्यवस्थापक हॅरॉल्ड एडेल यांनी सिनेव्यवसायाच्या साप्ताहिकात कौतुकानं लिहिलं, की लोक जीव मुठीत घेऊन ही फिल्म बघायला येताहेत, याहून मोठी पावती कोणती. त्यानंतर काही दिवसांतच एडेल त्याच साथीत गेले.

ही गोष्ट वाचून पटकन पुढे जाऊ नका. एडेल यांचा अंदाज खरा ठरला होता, गल्ला भरला होता. पण त्या गर्दीतल्या कुणाला काय किंमत मोजावी लागली, हे गल्ल्याच्या वहीत कुठेच लिहिलेलं नसतं. साथीच्या काळातला हाउसफुलचा बोर्ड वाचताना हे लक्षात ठेवायला हवं.

११ नोव्हेंबरला युद्ध संपलं. हळूहळू थिएटर उघडली, सैनिक घरी परतायला लागले. ‘शोल्डर आर्म्स’ चार्लीची तोवरची सगळ्यात मोठी यशस्वी फिल्म ठरली. प्रेक्षक परत आला होता. आता प्रश्न वेगळाच होता, तो ज्या थिएटरात परत येतोय ते कुणाचं?

कारण बंदच्या काळात तिकीट विकलं जात नव्हतं, भाडं मात्र थांबत नव्हतं. छोट्या थिएटरवाल्यांचं कंबरडं मोडलं होतं. १९१९ पासून अ‍ॅडॉल्फ झुकर यांच्या बड्या कंपनीनं थिएटर विकत घ्यायचा सपाटा लावला. अंदाज चुकण्याची भीती दुसऱ्याच्या गळ्यात घालायची युक्तीही या बड्या कंपन्यांकडे होती. एखाद्या स्टारची फिल्म हवी असेल, तर तिच्याबरोबर न बघितलेल्या डझनभर फिल्मही घ्यायच्या. आपटल्या तर नुकसान थिएटरवाल्याचं.

कंपन्या एकत्र येऊन स्टार लोकांचे भाव पाडणार, अशी कुणकुण चार्लीला लागली. ५ फेब्रुवारी १९१९ला त्यानं मेरी पिकफर्ड, डग्लस फेअरबँक्स आणि दिग्दर्शक डी. डब्ल्यू. ग्रिफिथ यांच्याबरोबर युनायटेड आर्टिस्ट्स ही कंपनी काढली. फिल्म आपल्या पैशातून करायची, आणि विकायची तीही एकेक, स्वतंत्र. बुडाली तर आपली.

त्याच वर्षी त्याचं पहिलं मूल जन्मल्यावर तीनच दिवसांत गेलं. त्यानंतर थोड्याच दिवसांत तो रस्त्यावर सापडलेल्या पोराची आणि त्याला वाढवणाऱ्या भणंगाची गोष्ट करायला लागला. ‘द किड’ अजून जुन्या करारातली होती. फर्स्ट नॅशनलनं तिचे तीन तुकडे धरून सुमारे चार लाख डॉलर देऊ केले. चार्लीनं पंधरा लाख मागितले. दरम्यान घटस्फोटाच्या भांडणात फिल्म जप्त होईल या भीतीनं तो निगेटिव्ह घेऊन सॉल्ट लेक सिटीला गेला, हॉटेलच्या खोलीत फिल्म जोडली आणि तिथल्याच एका थिएटरात गाजावाजा न करता लोकांना दाखवली. लोक हसले आणि रडलेही. मग तो सौद्याला बसला. १९२१ मध्ये ‘द किड’नं जग जिंकलं.

पण ही सलग विजयाची गोष्ट नाही. १९२३ मध्ये त्यानं ‘अ वुमन ऑफ पॅरिस’ केली. समीक्षकांनी डोक्यावर घेतली, पण चार्ली स्वतः त्यात जवळपास नव्हताच, म्हणून लोक फिरकले नाहीत. बुडाले ते त्याचे स्वतःचे पैसे.

सगळ्यात मोठी पैज मात्र अजून बाकी होती. १९३१ पर्यंत पडदा बोलायला लागला होता. मूकपट संपला, यावर सगळ्या जाणकारांचं एकमत होतं. चार्लीनं ‘सिटी लाइट्स’ मुकीच ठेवली. लॉस एंजेलिसमध्ये गुपचूप केलेला पहिला खेळ फसला, निम्मं थिएटर रिकामं होतं. न्यूयॉर्कमध्ये मनासारखं थिएटर मिळेना. तेव्हा त्यानं मुख्य गर्दीपासून बाजूला असलेलं जॉर्ज एम. कोहन थिएटर स्वतः भाड्यानं घेतलं, आठवड्याला ७,००० डॉलर, आठ आठवड्यांची हमी. जाहिरातही पदरच्या पैशानं केली. फिल्म बारा आठवडे चालली आणि खर्च वजा जाता चार लाख डॉलर मिळाले, असं तो लिहितो.

पुढे त्याचे दिवस फिरले. १९४७ ची ‘मसिय वेर्दू’ अमेरिकेत आपटली. १९५२ मध्ये त्याच्या राजकीय मतांवरून रान उठलं. तो इंग्लंडला निघाला असताना त्याचा परतीचा परवाना रद्द झाला आणि कित्येक थिएटरांनी ‘लाइमलाइट’ दाखवायचंच नाकारलं. लोकांना ती आवडेल की नाही, हे लोकांना विचारलंच गेलं नाही. लॉस एंजेलिसमध्ये ती लागली थेट १९७२ मध्ये. वीस वर्षं जुन्या या फिल्मच्या संगीताला पुढच्या वर्षी नव्या फिल्मच्या रांगेत ऑस्कर मिळालं. १९७७ मध्ये, नाताळच्या दिवशी, स्वित्झर्लंडमध्ये चार्ली गेला.

आज तुमच्याकडे त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त आकडे आहेत. ते जरूर बघा, तुमच्यापैकी काही जण उद्या त्याच आकड्यांवर नोकरी करतील. फक्त कुणी अमुक पिक्चर चालणारच नाही, असं ठासून सांगितलं, तर एक प्रश्न विचारा. अंदाज चुकला, तर पैसे कुणाचे जाणार? आणि तुमच्या गावातलं एकपडदा थिएटर अजून उघडं असेल, तर या शुक्रवारी एक तिकीट तिथलं काढा.