कै. डॉ. इरावतीबाई कर्वे : कुळ, रक्त आणि माणूस

मुलाचे नाक आजोबांच्या वळणावर गेले, मुलीचे डोळे आत्यासारखे घारे निघाले, अशा गोष्टी आपल्याकडे बारशापासून घरोघरी बोलल्या जातात. त्यांत वावगे असे काही नाही. परंतु हाच धागा पुढे लांबवीत नेऊन, अमक्या कुळात बुद्धी उपजत असते आणि तमक्या कुळात ती कधीच संभवत नाही, असे जेव्हा लोक म्हणू लागतात, तेव्हा ते बोलणे निर्दोष राहत नाही. शाळेचे दार कोणास उघडावे, पाणवठा कोणास मोकळा असावा आणि सोयरीक कोणाशी करावी, हे सर्व त्यावरून ठरू लागते. म्हणून आनुवंशिकतेचे खरे सांगणे काय, हा प्रश्न केवळ प्रयोगशाळेतील नव्हे. आपल्या पुणे शहरात एक विदुषी होऊन गेल्या, ज्यांनी आपले आयुष्य या प्रश्नाच्या शोधात वेचले. 'युगान्त' या ग्रंथाच्या लेखिका म्हणून त्यांचे नाव सर्वांच्या परिचयाचे आहे. पण मानववंशशास्त्राच्या अभ्यासक म्हणून त्यांनी जे केले, ते विद्यार्थ्यांना फारसे ठाऊक नसते. तेवढ्यासाठी हा अल्प चरित्रलेख.

इरावतीबाईंचा जन्म १५ डिसेंबर १९०५ रोजी ब्रह्मदेशातील मिंज्यान या गावी झाला. वडील गणेश हरी करमरकर तेथे कापसाच्या व्यवसायातील एका कंपनीत नोकरीस होते. त्या देशाची जीवनदायिनी जी इरावती नदी, तिचेच नाव मुलीस ठेवण्यात आले. सातव्या वर्षी शिक्षणासाठी त्यांना पुण्यास हुजूरपागेत धाडण्यात आले. पुढे रँग्लर परांजपे यांच्या घरी त्यांना मुलीप्रमाणे आसरा मिळाला, आणि त्या घरातील ग्रंथ व विद्वानांचा सहवास यांनी त्यांच्या बुद्धीस खतपाणी घातले. फर्ग्युसन कॉलेजातून १९२६ साली तत्त्वज्ञान विषय घेऊन त्या पदवीधर झाल्या. नंतर मुंबई विद्यापीठात डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये यांच्या हाताखाली त्यांनी समाजशास्त्राचा अभ्यास केला आणि चित्पावन ब्राह्मणांवर प्रबंध लिहून १९२८ साली एम.ए. ची पदवी मिळविली. याच सुमारास महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे चिरंजीव दिनकरराव यांच्याशी त्यांचा विवाह झाला. दिनकरराव स्वतः जर्मनीत रसायनशास्त्र शिकून आलेले असल्यामुळे पत्नीनेही तेथे जाऊन शिकावे अशी त्यांची मनापासून इच्छा होती. डॉ. जीवराज मेहता यांच्याकडून कर्जाऊ पैसे घेऊन इरावतीबाई १९२८ च्या अखेरीस बर्लिनला गेल्या.

ज्या संस्थेत त्यांनी प्रवेश घेतला, ती मानववंश, मानवी आनुवंशिकता आणि सुप्रजनन या विषयांच्या संशोधनासाठी १९२७ साली बर्लिननजीक डालेम येथे स्थापन झालेली होती. तिचे प्रमुख प्राध्यापक ऑयगेन फिशर हे त्या काळी मोठे नामांकित शास्त्रज्ञ गणले जात. गोऱ्या युरोपीयांच्या मेंदूचा उजव्या बाजूचा पुढील भाग अधिक वाढलेला असतो, त्यामुळे त्यांच्या कवट्या दोहों बाजूंस सारख्या नसतात, आणि त्यांच्या श्रेष्ठ बुद्धीची ती खूण होय, अशी त्यांची अटकळ होती. तिची परीक्षा करण्याचे काम या तरुण हिंदी विद्यार्थिनीकडे आले.

बाईंनी १४९ कवट्या मोजल्या. त्यांत युरोपीयांच्याही होत्या आणि इतर खंडांतून आणलेल्याही होत्या. प्रत्येक कवटीच्या दोन्ही बाजूंची मापे घेणे, ती पुन्हा पडताळणे आणि गणिताने तोलून पाहणे, हे अत्यंत कंटाळवाणे व डोळ्यांस शीण आणणारे काम त्यांनी चिकाटीने पुरे केले. निष्कर्ष असा निघाला की कवटीचे असमानपण सर्व वंशांच्या माणसांत आढळते. त्याचा वंशाशी काही संबंध दिसत नाही. गुरूंची अटकळ मापांच्या कसोटीस उतरली नाही, आणि शिष्येने ते प्रबंधात नमूद केले. परका देश, उसन्या पैशांवर चाललेले शिक्षण, आणि पदवी देणे न देणे ज्यांच्या हाती त्यांच्याच मताविरुद्ध निघालेला निष्कर्ष! अशा वेळी आकडे किंचित वाकविण्याचा मोह किती जणांना आवरला असता, याचा विद्यार्थ्यांनी विचार करावा. बाईंनी आकडे वाकविले नाहीत. दोन वर्षांत डॉक्टर ही पदवी मिळवून त्या स्वदेशी परतल्या.

त्यानंतर त्या देशात काय घडले, हे इतिहासास ठाऊक आहे. १९३३ साली हिटलरच्या सरकारने, आनुवंशिक रोग असलेल्यांना संतती होऊ नये म्हणून कायदा केला आणि त्याच्या आधारे सुमारे चार लाख स्त्रीपुरुषांना बळजबरीने वंध्य करण्यात आले. पुढे लक्षावधी ज्यूंचा जो संहार झाला, त्याचे समर्थनही रक्ताच्या शुद्धतेच्या नावाखालीच करण्यात आले. फिशर यांच्या संस्थेने आपली विद्या या राजवटीच्या सेवेस वाहिली. चुकीचे शास्त्र हे कागदावर राहत नाही. ते माणसांच्या जिवावर उठते.

तर मग आनुवंशिकतेचे खरे शास्त्र काय सांगते? त्याचा पाया एका ख्रिस्ती मठवाशाने घातला. ब्रुन (आजचे ब्रनो) येथील मठाच्या बागेत ग्रेगोर मेंडेल यांनी १८५६ ते १८६३ या काळात वाटाण्याच्या रोपांवर प्रयोग केले. गुळगुळीत दाण्याच्या आणि सुरकुतलेल्या दाण्याच्या जातींचा संकर केला असता पहिल्या पिढीत सगळे दाणे गुळगुळीत निघाले. सुरकुती जणू नाहीशी झाली. पण त्याच रोपांच्या पुढील पिढीत ५,४७४ गुळगुळीत आणि १,८५० सुरकुतलेले दाणे मिळाले, म्हणजे जवळजवळ तीनास एक हे प्रमाण. यावरून मेंडेल यांनी ताडले की प्रत्येक लक्षणासाठी रोपाजवळ दोन घटक असतात, एक पित्याकडून व एक मातेकडून आलेला. त्यांतील एक प्रबळ असल्यास दुसरा झाकला जातो, परंतु नष्ट होत नाही. हा निबंध १८६६ साली छापला गेला. १८८४ साली मेंडेल वारले तरी त्याची महती कोणी जाणली नव्हती. ती १९०० साली जगापुढे आली.

त्या घटकांस आज आपण जनुके म्हणतो. ती पेशीच्या केंद्रातील सूक्ष्म धाग्यांवर, म्हणजे गुणसूत्रांवर, ओळीने वसलेली असतात. मनुष्याच्या पेशीत ४६ गुणसूत्रे, म्हणजे २३ जोड्या असतात. प्रत्येक जोडीतील एक आईकडून व एक वडिलांकडून येते. आईबापांपैकी प्रत्येकजण आपल्या जोड्यांतील एकेकच गुणसूत्र अपत्यास देतो. कोणते जाईल हे दैवाधीन. या निवडीचे हिशेब केल्यास एकाच व्यक्तीकडून ८३,८८,६०८ निरनिराळे संच निघू शकतात. आपल्या जुन्या लोकांच्या तोंडी असलेल्या चौऱ्याऐंशी लक्षांच्या जवळच हा आकडा जातो, ही मौजच म्हणावयाची! शिवाय गुणसूत्रांच्या जोडीत तुकड्यांची अदलाबदल होते, ती वेगळीच. म्हणून सख्खी भावंडेही एकमेकांसारखी हुबेहूब नसतात. मग ज्या जातीत हजारो कुटुंबे आहेत, तिच्यातील सर्वांचा स्वभाव आणि बुद्धी एकाच साच्यातील असेल, असे कसे मानावे?

स्वदेशी परतल्यावर इरावतीबाईंनी काही वर्षे महिला विद्यापीठाच्या कारभाराची जबाबदारी सांभाळली आणि १९३९ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्या समाजशास्त्राच्या अध्यापक झाल्या. अखेरपर्यंत त्यांचे कार्य या संस्थेशी निगडित राहिले. पण त्यांची खरी प्रयोगशाळा म्हणजे गावोगावची माणसे. मोजमापाची उपकरणे घेऊन त्या खेड्यापाड्यांतून, डोंगरातील वस्त्यांतून हिंडल्या; लोकांची उंची, डोके, नाक मोजले, आणि त्याबरोबरच त्यांची नातीगोती, लग्नाच्या चाली, गाणी व कहाण्या टिपून घेतल्या. वि. म. दांडेकर यांच्यासह त्यांनी महाराष्ट्रातील लोकांच्या शरीरमापांचा ग्रंथ १९५१ साली प्रसिद्ध केला. भारतातील आप्तसंबंधांवरील त्यांचा ग्रंथ १९५३ सालचा. तोही विद्वानांत मान्य झाला.

त्या ग्रंथातील एक गोष्ट पालकांनी ध्यानात घेण्याजोगी आहे. उत्तर हिंदुस्थानात जवळच्या नात्यात लग्न निषिद्ध मानतात, दक्षिणेत ते इष्ट मानतात, आणि महाराष्ट्र या दोहोंच्या मध्ये उभा आहे. येथे मामेबहिणीशी लग्न अनेक समाजांना चालते. ही केवळ रूढीची बाब नाही. सख्ख्या मामेआतेभावंडांच्या जनुकांचा सरासरी आठवा हिस्सा समान असतो. एखादे रोगाचे जनुक घराण्यात झाकलेले असेल, तर अशा विवाहात ते दोन्ही बाजूंनी अपत्याकडे जाण्याचा संभव वाढतो. आणि दोन्ही आईबापांजवळ ते एकेक असल्यास दर अपत्यामागे चारात एक इतकी शक्यता रोग प्रकट होण्याची असते. यात कुळाचा कलंक नाही, देवाचा कोपही नाही. मेंडेल यांच्या वाटाण्याचा हिशेब आहे. तो वेळीच जाणून डॉक्टरांचा सल्ला घेणे एवढेच शहाणपणाचे.

जातींविषयी इरावतीबाईंचे म्हणणे विशेष महत्त्वाचे होते. एक मूळ समाज फुटत गेला आणि त्याच्या शाखा म्हणजे पोटजाती, असे मोठमोठे पंडित समजत. त्यांचे स्वतःचे गुरू घुर्ये यांचाही कल तिकडेच. बाईंना मात्र असे दिसले की निरनिराळ्या मूळच्या, वेगवेगळ्या वाटांनी आलेल्या समूहांना पुढे एकाच नावाखाली व एकाच पायरीवर गोळा केले गेले असावे. कैलाशचंद्र मल्होत्रा यांच्यासह १९६८ साली त्यांनी महाराष्ट्रातील ब्राह्मणांच्या आठ अंतर्विवाही गटांची तुलना प्रसिद्ध केली. सामाजिक पायरी एकच असूनही हे गट शरीरलक्षणांनी परस्परांपासून भिन्न आढळले. म्हणजे जातीचे समान नाव हा समान रक्ताचा पुरावा नव्हे. सोपानाच्या पायऱ्या माणसांनी बांधल्या. निसर्गाने त्या आखून दिल्या नाहीत.

रक्ताचीच साक्ष हवी असेल तर ती मुंबईतही सापडली आहे. १९५२ साली डॉ. यशवंत भेंडे व त्यांचे सहकारी यांनी एक अत्यंत विरळ रक्तगट जगाच्या निदर्शनास आणला. त्यास मुंबई रक्तगट असेच नाव पडले. अशा माणसास ए, बी किंवा ओ यांपैकी कोणत्याही गटाचे नेहमीचे रक्त चालत नाही; त्याच विरळ गटाचा दाता शोधावा लागतो. त्या निकडीच्या घडीस दात्याची जात विचारण्याचे भान कोणास राहील?

बाईंच्या कार्यास मर्यादाही होत्या, हे सांगणे प्रामाणिकपणाचे होईल. डोके व नाक यांच्या मापांवर त्यांच्या पिढीने फार भिस्त ठेवली. अन्न, आजार आणि परिस्थिती यांमुळेही शरीराची मापे बदलतात, हे पुढे अधिक स्पष्ट झाले, आणि आज वंशसंबंधांचा शोध जनुकांच्या प्रत्यक्ष वाचनाने घेतात. मानवी जनुकसंचाचे वाचन २००३ साली पुरे झाल्याचे जाहीर झाले. कोणत्याही दोन माणसांची जनुकलिपी हजारात सुमारे ९९९ अक्षरे सारखीच असते, आणि जो अल्प भेद उरतो, त्याचाही बहुतेक भाग दोन समाजांमध्ये नसून एकाच समाजातील माणसामाणसांत असतो. साधन बदलले, परंतु बर्लिनमध्ये त्या तरुणीने काढलेला निष्कर्ष नव्या शास्त्राने अधिकच दृढ केला.

विद्वत्तेच्या ओझ्याखाली बाई शुष्क झाल्या नाहीत. पुण्याच्या रस्त्यांवर स्कूटर चालविणाऱ्या पहिल्या स्त्रियांत त्यांची गणना होते. 'परिपूर्ती', 'भोवरा' यांसारख्या ललितनिबंधांच्या संग्रहांनी मराठी गद्यास नवे वळण दिले. वारकऱ्यांबरोबर त्या पायी पंढरीस गेल्या आणि त्या भक्तिमेळ्यातही जातीच्या वेगळ्या पंगती पाहून त्यांच्या मनास वेदना झाल्या. कोयना धरणामुळे उठविल्या गेलेल्या लोकांची पाहणीही त्यांनी केली. 'युगान्त'ला साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले. ११ ऑगस्ट १९७० रोजी, वयाच्या ६४ व्या वर्षी, त्यांनी इहलोकीची यात्रा संपविली.

या चरित्रापासून आपण काय घ्यावे? एकाच रक्ताचे सर्व मानव देवाने निर्माण केले, असे आपण ख्रिस्ती लोक मंदिरात ऐकतो व मान्य करतो. तथापि सोयरीक जुळविताना पूर्वीची जात कोणती, याची कुजबुज आपल्या मंडळ्यांतूनही अद्याप ऐकू येते. दुसऱ्यांच्या अंगणातील केर दाखविण्याआधी आपला उंबरठा झाडावा, हे बरे. आणि विद्यार्थिमित्रहो, परीक्षेत गुण कमी पडले म्हणून आपल्या कुळातच विद्या नाही, असे कोणी म्हणाले तर खचू नका. आईबापांनी तुम्हांस गुणसूत्रे दिली. ती पुस्तकातील अक्षरांसारखी आहेत. पण अन्न, आरोग्य, शिक्षण आणि स्वतःचे परिश्रम यांवाचून ते पुस्तक वाचले जात नाही. इरावतीबाईंना जे मिळाले, त्यात हुजूरपागेचा बाक, परांजप्यांचे ग्रंथ आणि उसने घेतलेले प्रवासाचे पैसे यांचाही वाटा होता. तसा बाक प्रत्येक मुलास मिळावा, एवढीच या विद्येची आपणांकडे मागणी आहे.