वाटाण्याचे रोप आणि आगपेटी

दादासाहेब फाळके म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे ‘राजा हरिश्चंद्र’ उभा राहतो. माझ्या डोळ्यांपुढे आधी विम्याची पॉलिसी येते. छत्तीस वर्षे बँकेत कर्जाच्या फायली उपसल्या, त्याचा हा परिणाम असेल. १ फेब्रुवारी १९१२ रोजी हे गृहस्थ बोटीने लंडनला निघाले, तेव्हा वय बेचाळिशीकडे झुकलेले, पदरात बायकोमुले, छापखान्याची भागीदारी मोडलेली. गाठीला दहा हजार रुपये होते. ते कसे जमवले? बारा हजारांच्या विमा पॉलिश्या गहाण टाकून, यशवंतराव नाडकर्णी आणि आबासाहेब चिटणीस यांच्या मदतीने.

बँकेच्या टेबलामागे बसलेल्या माणसाला हा व्यवहार डोळे विस्फारायला लावतो. पॉलिसीवर छापलेला आकडा वेगळा आणि आज ती मोडली तर हाती येणारी रक्कम वेगळी, हे आम्हाला पहिल्या महिन्यातच शिकवतात. मी त्या जागी असतो तर फाळक्यांना दहा हजार दिले असते का? या प्रश्नाचे उत्तर मला फार चांगले ठाऊक आहे. कारण असा एक माणूस माझ्यापुढे खरोखरच येऊन बसला होता.

१९८९ सालची गोष्ट. मी तेव्हा गोंदियातच फील्ड ऑफिसर होतो. आमच्या झाडीपट्टीत धान कापून घरात आले की नाटकांचा हंगाम सुरू होतो. मंडई भरते, गावोगावी रात्रभर नाटके चालतात. त्या नाटकांचे पडदे रंगवणारा एक जण अर्जुनी मोरगावकडून आला. त्याला सेकंडहँड सिने कॅमेरा घ्यायचा होता. कार्टून काढून मंडईत दाखवणार म्हणाला. तारण म्हणून त्याने पॉलिसीच आणली होती, पण हप्ते भरलेले दोनच वर्षांचे. तेव्हाच्या नियमाने तीन वर्षे झाल्याखेरीज तिला मोल नसे. मी मान हलवली. तेव्हा त्याने पिशवीतून विड्यांच्या कट्ट्यावर लावतात त्या लेबलांचा एक गठ्ठा काढला. गोंदियात विडीच्या लेबलांना काय तोटा! कोऱ्या पाठीवर प्रत्येकी एक चित्र. अंगठ्याने त्याने तो गठ्ठा फर्रकन सोडला आणि माझ्या टेबलावर धानाच्या बांधीतून सारस पक्षी पंख पसरून उडाला. मी दोनदा पाहिला. चहा मागवला. साहेबांना दाखवतो म्हणून गठ्ठा ठेवून घेतला. अर्ज नामंजूर झाला. नियमाने तो नामंजूरच व्हायला हवा होता.

फाळक्यांच्या चरित्राकडे मी वळलो ते त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, एका कादंबरीसाठी नाटकमंडळ्यांची माहिती गोळा करताना. त्यात पडदे रंगवणारे फाळके भेटले आणि कादंबरी बाजूला पडली.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० चा, त्र्यंबकेश्वरचा. वडील दाजीशास्त्री संस्कृतचे पंडित. त्यांना मुंबईच्या विल्सन कॉलेजात शिकवायची नोकरी लागली आणि घर मुंबईला आले. मुलाने पौरोहित्य शिकायचे सोडून १८८५ मध्ये जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये नाव घातले. मग बडोद्याचे कलाभवन. तिथे रंगकाम झाले, मातीकाम झाले, कॅमेरा हाती आला, ठसे करण्याची विद्या आली. गोध्र्याला छायाचित्रांचे दुकान टाकले. तिथे प्लेग आला आणि पहिली पत्नी आणि मूल घेऊन गेला. बडोद्याला परत येऊन पुन्हा कॅमेरा मांडला, तर फोटो काढला की माणसाच्या अंगातली शक्ती जाते अशी लोकांची समजूत. गिऱ्हाईक येईना. तेव्हा त्यांनी नाटकांचे पडदे रंगवले. एका फिरत्या जादूगाराकडून जादू शिकले आणि स्वतःचे आडनाव उलटे करून प्रोफेसर केळफा या नावाने खेळ केले. पुढे पुराणवस्तू खात्यात छायाचित्रकार आणि नकाशे काढणारे म्हणून सरकारी नोकरी धरली, तीही सोडली. लोणावळ्याला छापखाना काढला, रविवर्म्याच्या छापखान्याची कामे केली, तो धंदा दादरला आणला, यंत्रांसाठी १९०९ साली जर्मनीला जाऊन आले आणि भागीदारांशी बिनसल्यावर त्यातूनही बाहेर पडले.

अशा माणसाचा अर्ज समोर आला असता तर आम्ही समासात एकच शेरा मारला असता: स्थैर्य नाही. पण जरा मांडून पाहा. रंग, माती, कॅमेरा, ठसे, पडदे, हातचलाखी. चित्र हलते करायला जे जे लागते, ते सगळे हा माणूस वीस-पंचवीस वर्षे एकेक करून शिकत होता. कशासाठी, ते त्यालाही माहीत नव्हते.

ते कळले १९११ च्या ईस्टरमध्ये. गिरगावातल्या तंबूवजा सिनेमात थोरल्या मुलाला घेऊन ते गेले आणि पडद्यावर जनावरे हलताना पाहिली. दुसऱ्या दिवशी सरस्वतीबाईंना घेऊन गेले, तेव्हा येशूच्या चरित्राचा खेळ लागला होता. त्यानंतर घरात दुसरा विषय उरला नाही. रोज चार-पाच तास सिनेमा पाहायचा, रात्री मेणबत्तीच्या उजेडात भिंतीवर चित्रे पाडत बसायचे. डोळ्यांनी दगा दिला. काही काळ दिसेनासे झाले. डॉक्टर प्रभाकर यांच्या उपचाराने आणि तीन-चार चष्म्यांच्या आधाराने दृष्टी परत आली, आणि परत येताच पुन्हा तेच काम.

मग पॉलिशी, बोट, लंडन. तिथे एका सिनेमा साप्ताहिकाच्या संपादकांची ओळख झाली, त्यांनी सेसिल हेपवर्थ या निर्मात्याकडे पाठवले, हेपवर्थने स्टुडिओ उघडून दाखवला. विल्यमसन कंपनीचा कॅमेरा, फिल्मला भोके पाडायचे यंत्र आणि कच्च्या फिल्मची मागणी एवढे उरकून एप्रिलच्या पहिल्या तारखेला फाळके मुंबईत हजर. इथपर्यंतची कथा शाळेच्या पुस्तकांतही सापडेल. मला खरे सांगायचे आहे ते यापुढच्या एका महिन्याबद्दल. तो महिना चरित्रांतून दोन ओळींत उरकतात.

यंत्र आले, कर्ज झाले, आता चित्रपट काढायचा तर आणखी पैसा हवा. तो देणार कोण? हलते चित्र आपल्या माणसाला काढता येते, यावर विश्वास कोणाचा? दादरच्या घरी फाळक्यांनी एका कुंडीत वाटाणे पेरले आणि समोर कॅमेरा मांडला. सुमारे महिनाभर ते त्या कुंडीची चित्रे घेत होते. दाण्याला मोड आला, कोंब वर आला, पाने फुटली, वेल झाला. हे सगळे पडद्यावर मिनिटाभरात घडत असे. नाव ठेवले ‘अंकुराची वाढ’.

सवयीप्रमाणे मी कागदावर हिशेब केला. त्या काळी सेकंदाला साधारण १६ चित्रे पडद्यावरून जात. एका मिनिटाला ९६०. महिन्याचे ३० दिवस धरले तर रोजची ३२. कॅमेरा हाताने फिरवायचा. एक चित्र उमटेल इतकाच दांडा फिरवून थांबायचे, कुंडी हलू द्यायची नाही, कॅमेऱ्याला कोणाचा धक्का लागू द्यायचा नाही. घरात लहान मुले. उजेड कमी-जास्त झाला की चित्र लुकलुकणार. आणि नुकत्याच वाचलेल्या डोळ्यांनी हे करायचे. आजकाल मोबाइलमध्ये हे आपोआप होते म्हणतात, होत असेल.

ही चिमुकली फिल्म त्यांनी मोजक्या लोकांना दाखवली आणि नाडकर्णींसारख्यांनी पुढचे पैसे दिले. मी शेकडो प्रोजेक्ट रिपोर्ट वाचले. जाडजूड, कारखान्याचे नकाशे जोडलेले, राइस मिलचे, विटांच्या भट्ट्यांचे. वाटाण्याच्या वेलाएवढा चोख रिपोर्ट माझ्या टेबलावर आला नाही. चुकलो, एक आला होता.

या पैशांत सरस्वतीबाईंच्या दागिन्यांची भर पडली. ‘राजा हरिश्चंद्र’च्या वेळी साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक करून ही बाई रात्री फिल्मला भोके पाडायला बसत असे. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये चित्रपट लागला आणि पुढचे सर्वश्रुत आहे. सर्वश्रुत म्हणून ते मी सोडून देतो.

फाळके नाशिकला गेले, ‘मोहिनी भस्मासुर’ आणि ‘सत्यवान सावित्री’ काढले, १९१४ मध्ये तिन्ही चित्रपट घेऊन पुन्हा लंडनला जाऊन आले. तिथल्या लोकांनी तिथेच राहून चित्रपट काढायला सुचवले. हे परत आले. आणि महायुद्ध पेटले. भांडवलवाल्यांनी हात आखडले. नाशिकला पगारी माणसे बसून, डोक्यावर कर्ज, मोठा चित्रपट काढायची सोय नाही.

तेव्हा १९१५ च्या सुमारास या माणसाने आगपेटी उघडली. ‘आगकाड्यांची मौज’ हे त्या चित्राचे नाव. काड्या टेबलावर मांडायच्या, एक चित्र घ्यायचे. एकेक काडी केसभर सरकवायची, पुन्हा एक चित्र. पडद्यावर काड्या आपल्या आपण चालू लागतात. फ्रान्समध्ये एमिल कोल नावाच्या चित्रकाराने १९०८ मध्ये काड्यांचा असा खेळ केला होता. (हा कोलही अखेरीस कंगाल झाला. मेणबत्तीने दाढी पेटून भाजला आणि १९३८ च्या जानेवारीत गेला. काड्या नाचवणाऱ्याचा असा शेवट व्हावा!) आपल्याकडे तेव्हा आगपेट्या बहुतांशी स्वीडन-जपानहून येत. पण त्या नाशिकच्या टेबलावर चालल्या. ‘लक्ष्मीचा गालिचा’, ‘विचित्र शिल्प’, ‘प्रोफेसर केळफाच्या जादू’ अशी आणखी छोटी चित्रे फाळक्यांनी काढली. त्यांच्या नावावर नव्वदांहून अधिक मोठे चित्रपट आणि पंचवीसेक छोटे मोजतात. मोठ्यांचा इतिहास लिहिला गेला. छोट्यांची यादी उरली.

आगकाड्यांचे ते चित्र आज कुठेच नाही. तेव्हाची फिल्म नायट्रेटची, आगकाडीइतकीच पेटायला तयार. पेटली नाही तर सडायची. ‘चित्रपट कसे तयार करतात’ या त्यांच्या माहितीपटाचे तुकडे मात्र वाचले आहेत. त्यात फाळके स्वतः दिसतात, कामात गढलेले. मी ते तुकडे कितीदा तरी पाहिले, आणि दर वेळी माझे लक्ष त्यांच्या हातांकडेच जाते.

पुढे ‘लंकादहन’ने पैसा दिला, हिंदुस्थान फिल्म कंपनी निघाली, ‘कालियामर्दन’मध्ये कन्या मंदाकिनी कृष्ण झाली. मग भांडणे, बोलपट, आणि १९३७ चा ‘गंगावतरण’ हा एकमेव बोलपट. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला ते गेले, तेव्हा सिनेमाच्या दुनियेचे त्यांच्याकडे फारसे लक्ष नव्हते. १९६९ पासून सरकार त्यांच्या नावाने मोठा पुरस्कार देते. तो पडद्यावरच्या मोठ्या माणसांना मिळतो, आणि त्यांनी तो मिळवलेला असतो, याबद्दल तक्रार नाही. पण काड्या सरकवणाऱ्यांची घराणी याच देशात पुढे चालली. १९५६ च्या सुमारास फिल्म्स डिव्हिजनमध्ये डिस्नेचे क्लेअर वीक्स आले, ‘बन्यन डीअर’ निघाला, राम मोहन यांच्यासारखे लोक तयार झाले. विजया मुळे आणि भीमसेन यांचा १९७४ चा ‘एक अनेक और एकता’ पाहिला नाही असे माझ्या मुलांच्या पिढीत कोणी नसेल. तो कोणी काढला, हे विचारून पाहा. दहांत एकालाही सांगता येणार नाही.

तो पडदे रंगवणारा मला पुन्हा भेटला, माझ्या निवृत्तीनंतर, वडशाकडच्या एका नाटकाला. केस पांढरे झालेले. पडद्यांची कामे अजून मिळतात म्हणाला, पण फ्लेक्सने बरेच खाल्ले. कर्जाबद्दल त्याच्या मनात काही नव्हते. कॅमेरा तो विसरूनही गेला होता. सारसाचा तो गठ्ठा तेवढा साहेबांकडे राहिला होता, तो असेल का, एवढेच त्याने विचारले.

गठ्ठा मी अर्जाला टाचून फाइलला लावला होता. नामंजूर अर्जांची फाइल काही वर्षे ठेवतात आणि मग नष्ट करतात. नष्ट करायच्या कागदांची यादी होते, यादीवर अधिकाऱ्याची सही लागते. त्या वर्षी सही माझी होती. हे मी त्याला सांगितले. तो जरा वेळ पडद्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, बांधीतले पाणी बरोबर जमले होते त्यात. नाटक सुरू झाले म्हणून आम्ही आत गेलो.

गेल्या हिवाळ्यात मी गच्चीवर कुंडीत वाटाणे पेरले. मोबाइलला आपोआप फोटो घ्यायला न सांगता, विटेवर टेकवून, रोज मोजून बत्तीस वेळा बोटाने काढायचे ठरवले. आठ दिवस जमले. नवव्या दिवशी तिरोड्याला लग्न होते, रात्री उशिरा परत आलो. नातवाने ते सगळे फोटो जोडून दिले आहेत. मोड येतो, कोंब सरळ होतो, दोन पाने उघडतात, आणि त्या लग्नाच्या दिवशी रोप एकदम टुणकन उडी मारते.