आधी पाहा, मग औषध टाका : भिंगवाल्या लिवेनहॉकची गोष्ट

शेततळ्यातले मासे पहाटे वर येऊन आ वासू लागले की आपण म्हणतो, पाण्यातली हवा कमी झाली. बऱ्याचदा ते खरंही असतं. पण ऊन वर आल्यावरही मासे खाली जात नसतील, कडेला अंग घासत असतील, तर दुखणं कल्ल्यात असू शकतं. गेल्या पावसाळ्यात सिन्नरकडच्या एका तळ्यावर गेलो, तर मालकाचं दोनदा औषध ओतून झालेलं. कल्ला मात्र एकाही माशाचा उघडून पाहिलेला नव्हता. तेव्हा मला लिवेनहॉक आठवला.

अँटनी व्हॅन लिवेनहॉक १६३२ साली हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावी जन्मला, म्हणजे शिवरायांपेक्षा दोन वर्षांनी लहान. बाप टोपल्या विणायचा. तो लवकर वारला. पोरगं १६ व्या वर्षी ॲमस्टरडॅमच्या एका कापड व्यापाऱ्याकडे कामाला लागलं. १६५४ साली गावी परतून त्याने स्वतःचं कापड दुकान टाकलं. कॉलेज नाही, पंडितांची लॅटिन भाषाही येत नव्हती. धागे पारखायला कापडवाले भिंग वापरत. याला मात्र भिंगं घासायचा नादच लागला. ज्वारीच्या दाण्याहून लहान भिंग, त्याला धातूची पट्टी, एवढंच त्याचं यंत्र. त्यातलं एक आजही २७० पट मोठं दाखवतं.

गावाजवळच्या तळ्याचं पाणी उन्हाळ्यात हिरवट होई. लोक म्हणत, दवामुळे होतं. याने बाटलीत पाणी आणलं आणि भिंगातून पाहिलं. आत हिरवे धागे आणि वळवळणारे बारीक जीव! ते साल १६७४, रायगडावर राज्याभिषेक झाला तेच.

१६७६ साली त्याने लंडनच्या रॉयल सोसायटीला या जिवांबद्दल सविस्तर कळवलं. तिथल्या विद्वानांना ते पटेना. हा चिडला नाही. गावातल्या जाणत्या माणसांना भिंगातून दाखवलं आणि त्यांच्या साक्षी पाठवल्या. १६७७ साली सोसायटीने स्वतः पाहून खात्री केली आणि १६८० साली या दुकानदाराला सभासद करून घेतलं.

मासेही त्याने सोडले नाहीत. शेपटीच्या बारीक शिरांतून रक्त फिरताना पाहिलं, कार्प माशाच्या खवल्यावरची वलयं मोजून वयाचा अंदाज केला. आपले कटला, रोहू, मृगळ त्याच कुळातले. १७२३ साली, ९० वर्षांचा होऊन तो गेला. शेवटपर्यंत त्याचं पाहणं चालू होतं.

आता आपल्या तळ्याकडे या. धडपडणारा जिवंत मासा धरा, कल्ल्याचं झाकण उचला. निरोगी कल्ला लालभडक असतो. फिकट पडलेला, शेंबडासारखा चिकट थर साचलेला दिसला तर डॅक्टिलोगायरससारख्या बारीक चपट्या कृमींचा संशय घ्या. त्या आकड्यांनी कल्ल्याला चिकटतात आणि माशाचा श्वास कोंडतो. पांढरे दाणे दिसले तर तो मिक्सोबोलस असू शकतो. त्यावर खात्रीचं औषध नाही. मासे काढून तळं वाळवावं लागतं, चुना टाकावा लागतो. दोन दुखणी, दोन उपाय. न पाहता ओतलेलं औषध म्हणजे पैसे पाण्यात, आणि मासेही.

खात्री सूक्ष्मदर्शकाखालीच होते. म्हणून दोन-तीन आजारी मासे तळ्याच्याच पाण्यात, जिवंत असतानाच, मत्स्यव्यवसाय विभागाच्या कार्यालयात न्या. मेलेल्या, सडलेल्या माशावरून निदान होत नाही. नवी बोटुकली सोडण्याआधी १० लिटर पाण्यात २०० ते ३०० ग्रॅम मीठ विरघळवून तिला दोन-तीन मिनिटं बुडवा. कलंडू लागली की लगेच काढा. तळ्यात गर्दी करू नका.

कापड विकणाऱ्या माणसाने ऐकीव गोष्टीवर न थांबता तळ्याचं पाणी पाहिलं. तळं तर तुमचं स्वतःचं आहे. उद्या सकाळी एक कल्ला उघडून पाहाच.