वाट पाहण्याचे व्रत

न्हावा-शेव्याच्या खाडीकाठी ज्यांच्या पिढ्या गेल्या, त्यांस भरतीची वाट पाहणे कोणी शिकवावे लागत नाही. चिखलात रुतलेली होडी कितीही रेटली तरी पाणी चढल्यावाचून ती तरंगत नाही. मात्र पाणी चढेल तेव्हा जाळे विणून तयार आणि वल्हे हाताशी असावे लागते. १९८९ मध्ये येथे बंदर सुरू झाले, २०२४ च्या जानेवारीत शिवडीहून सागरी सेतू येऊन पोहोचला, आणि काळ आपल्या मुठीत आला असे माणसास वाटू लागले. तरीही दुरावलेल्या माणसाचे परतणे वा अपुऱ्या कार्याची सिद्धी कोणत्याही सेतूने जवळ येत नाही.  नाताळ हा येशूच्या जन्माचा सण साजरा करणाऱ्या घरांत ईश्वराच्या वेळेवर भरवसा ठेवणे ही साधनाच मानली जाते. त्या साधनेचे चरित्र आम्हांस आपल्याच महाराष्ट्रातील एका गृहिणीच्या आयुष्यात आढळते. त्या म्हणजे 'स्मृतिचित्रे'कर्त्या लक्ष्मीबाई टिळक.

१८६८ साली नाशिकजवळील जलालपूर येथे, अत्यंत कडक सोवळे पाळणाऱ्या ब्राह्मण घरात त्यांचा जन्म झाला. बालपणीच त्यांचा विवाह नारायण वामन टिळक यांच्याशी झाला. टिळक प्रतिभावान कवी, पण वृत्तीने अस्थिर. संसार मांडावा आणि मोडून दुसरीकडे जावे, असे कितीदा घडले. १८९३ मध्ये आगगाडीच्या प्रवासात एका युरोपीय सहप्रवाशाने टिळकांच्या हाती 'नवा करार' ठेवला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे भाकीत केले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. पत्नीस त्यांनी आधी कळविले नव्हते.

त्या काळी ही वार्ता म्हणजे सव्वीस वर्षांच्या स्त्रीवर कोसळलेला वज्राघातच होता. कपाळी कुंकू आहे, पण पती जातीबाहेर. पदरी लहानगा मुलगा, आणि आश्रय आप्तांच्या घरचा. लक्ष्मीबाईंनी आपले दुःख लपविले नाही, की त्यास भक्तीचा मुलामाही दिला नाही. त्या रडल्या, आजारी पडल्या, आणि मनातला कढ ओबडधोबड पद्यात ओतू लागल्या. त्या वेळी ज्या देवास त्यांनी हाक मारली, तो त्यांचा कुलपरंपरेतला देव होता. तिकडे टिळकांनाही वाट पाहणे प्राप्त झाले. पत्नीवर धर्म लादला तर तो धर्म राहणार नाही, हे त्या उतावळ्या पुरुषास पुरते उमगले होते.

सुमारे पाच वर्षांनी लक्ष्मीबाई पतीकडे राहावयास गेल्या, त्या आपले सोवळे सांभाळूनच. एका छपराखाली दोन आचार नांदू लागले. पुढे जातिभेद हा देवाने केला की माणसाने, हा प्रश्न त्यांच्या मनात आपोआप उभा राहिला. त्याचे उत्तर त्यांचे त्यांनाच मिळाले आणि १९०० मध्ये त्यांनी स्वतःच्या इच्छेने बाप्तिस्मा घेतला. त्यांचा निर्णय सर्वांस पटेल असे नाही. पटावा असा आमचा आग्रहही नाही. परंतु जे पाच वर्षांच्या अश्रूंनी आणि आप्तांच्या समजुतीने घडले नाही, ते मन परिपक्व होताच सहज घडले, ही गोष्ट कोणत्याही श्रद्धावंताने ध्यानी घ्यावी अशी आहे.

पुढे अहमदनगरच्या त्यांच्या घरी अनाथ मुले आली, पाहुणे आले, कोवळ्या वयाचे बालकवीही राहून गेले. टिळकांनी अभंग आणि कीर्तन ही संतांची साधने ख्रिस्तभक्तीच्या सेवेस लावली, आणि १९०९ मध्ये ओवीबद्ध 'ख्रिस्तायन' रचावयास घेतले. ९ मे १९१९ रोजी ते निवर्तले, त्या वेळी सुमारे अकरा अध्यायच झाले होते. अपुरी पोथी घरात राहिली. ज्यांना शाळा अशी फारशी लाभलीच नव्हती, त्या लक्ष्मीबाईंनी वैधव्यात, उतारवयात ती हाती घेऊन चौसष्ट अध्याय रचले. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्यांचे देहावसान झाले आणि ग्रंथ १९३८ मध्ये प्रसिद्ध झाला. आरंभ करणारा आणि शेवटाकडे नेणारी, दोघांनाही छापील पोथी पाहावयास मिळाली नाही. ईश्वराची वेळ एका आयुष्याच्या मापाने मोजता येत नाही, याहून स्पष्ट उदाहरण कोणते द्यावे?

येशूने अटकेच्या रात्री गेथशेमाने बागेत, आपले दुःख टळावे अशी आधी मोकळेपणाने विनवणी केली आणि मगच पित्याची इच्छा शिरी धरली, असे शुभवर्तमानात वर्णिले आहे. आपल्या तुकोबांनीही वह्या इंद्रायणीत गेल्यावर तेरा दिवस तीरावर धरणे धरले, अशी परंपरेची कथा आहे. दोन्ही ठिकाणी शरणागतीपूर्वी गाऱ्हाणे आहे. देवाजवळ तक्रार करणे म्हणजे अश्रद्धा, हा आपला समज म्हणूनच तपासून पाहावा लागेल.

वाचकहो, आपल्या घरीही कोणी वाट पाहत असेल: मुलीच्या लग्नाची, रागावून गेलेल्या भावाची, वैद्यांनी आशा सोडलेल्या आजाऱ्याच्या बरे होण्याची. सारेच मनासारखे होईल, असे आश्वासन लक्ष्मीबाईंचे चरित्र देत नाही; त्यांची जुनी पाच वर्षे त्यांना कोणी परत दिली नाहीत. त्यांनी मात्र त्या वर्षांत मूल वाढविले, पद्य जुळविले, आणि बोलावणे आले तेव्हा दाराची कडी काढली. वाट पाहण्याचे व्रत ते हेच. देव्हाऱ्यातली समई लावून झाली की रोजच्या कामाला लागावे. वेळ ठरविणारा निराळा आहे.