लाकडी नळी आणि चाकाची घरघर

नांदेड-लातूर रस्त्यावरच्या गॅरेजमध्ये घरघरणारी जुनी गाडी आली, की मुरलेला मिस्त्री चाक जॅकवर उचलतो. एकाला ते फिरवायला लावतो, लांब स्क्रू ड्रायव्हरचे टोक बेअरिंगजवळच्या न फिरणाऱ्या भागावर टेकवतो आणि मूठ कानाला लावतो. ही युक्ती दवाखान्यात आणली रेने लॅनेक या फ्रेंच डॉक्टरांनी.

लॅनेक यांचा जन्म १७८१चा, ब्रिटनी प्रांतातला. आई लहानपणीच गेली; डॉक्टर काकांनी वाढवले. बासरी वाजवणारा हा माणूस, कान तयार होता. १८१६ मध्ये पॅरिसच्या नेकर रुग्णालयात हृदयविकाराची एक तरुणी आली. तिच्या छातीला कान लावणे संकोचाचे, शिवाय ती स्थूल. लाकडाच्या एका टोकाला टाचणीने खरवडले तर दुसऱ्या टोकाला ऐकू येते, हे लॅनेकना आठवले. त्यांनी कागदाची घट्ट गुंडाळी केली. ठोके स्पष्ट ऐकू आले. पुढे लाकडी नळ्या त्यांनी स्वतःच लेथवर घडवल्या.

पण नळीपेक्षा मोठे काम पुढचे. ऐकलेला प्रत्येक आवाज त्यांनी लिहून ठेवला आणि रुग्ण दगावल्यास शवविच्छेदनात तो भाग पाहिला. कोणत्या आवाजामागे कोणता बिघाड, हे १८१९च्या ग्रंथात मांडले. मिस्त्रीचे ज्ञानही असेच, बेअरिंग उघडून झिजलेल्या गोळ्या पाहत जमलेले. वेगाबरोबर घरघर वाढते आणि गाडी उजवीकडे वळताना जास्त होते? तेव्हा भार डाव्या चाकांवर जातो, म्हणून संशय डाव्या बेअरिंगवर. रस्ता बदलताच सूर बदलला, तर बहुधा टायर. वळताना टकटक, तर ड्राइव्ह शाफ्टचा सांधा. (बेअरिंगची घरघर रेडिओच्या आवाजात बुडवणारेही असतात. ते फार ढिले झाले तर चाकच धोक्यात येते.)

लॅनेक यांना स्वतःला खोकला आणि ताप सोडत नव्हता. १८२६ मध्ये त्यांनी डॉक्टर असलेल्या मेरियादेक या नातलगाला आपल्या छातीवर नळी लावायला सांगितली. त्याने ऐकले ते वर्णन लॅनेकना पाठ होते, त्यांनीच ते लिहिले होते. क्षय. त्याच ऑगस्टमध्ये, ४५व्या वर्षी ते गेले. नळी त्यांनी मेरियादेकच्या नावे ठेवली होती.