पाच महिन्यांची शाळा



नोकरीत नव्या इंजिनिअरांचं आठ आठवड्यांचं प्रशिक्षण माझ्याकडे असतं. मागच्या वर्षी एक मुलगी तिसऱ्या आठवड्यात सोडून गेली. तिच्या शेजारी बसणाऱ्या मुलाला तिचं नावही सांगता आलं नाही. एवढ्या थोड्या दिवसांत ओळखी कशा होणार, अशी मी स्वतःची समजूत घातली. मग क्रिस्टन कोल्ड यांचं चरित्र वाचनात आलं.

कोल्ड यांचा जन्म १८१६ मध्ये डेन्मार्कमधल्या थिस्टेड गावी झाला. वडील जोडे शिवायचे. मुलगा शिक्षक झाला, पण घोकंपट्टीला विरोध केल्यामुळे वरिष्ठांना नकोसा झाला. पुढे ते एका मिशनऱ्याबरोबर तुर्कस्तानात स्मिर्ना शहरी गेले. १८४७ मध्ये परतताना बोटीने ट्रिएस्टला उतरले आणि सामान हातगाडीवर लादून ती ओढत चालत मायदेशी आले.

१८५१ मध्ये फ्यून बेटावरच्या रिस्लिंगे गावात त्यांनी शेतकऱ्यांच्या मुलांसाठी शाळा काढली. त्यासाठी विचारवंत ग्रुंटविग यांनी पैसे उभे करायला मदत केली. शेतीची कामं हिवाळ्यात थांबत, म्हणून शाळा जेमतेम पाच महिने चाले. पहिल्या वर्षी मुलं होती पंधरा. परीक्षा नव्हती. कोल्ड इतिहासाच्या आणि बायबलच्या गोष्टी सांगत, मुलांबरोबर तेच साधं जेवण जेवत आणि माळ्यावर त्यांच्यातच झोपत. त्यामुळे तास संपला तरी बोलणं संपत नसे. १८६३ पासून त्यांनी उन्हाळ्यात मुलींचेही वर्ग सुरू केले. १८७० मध्ये, चौपन्नाव्या वर्षी ते गेले. तोवर अशा शाळा देशभर पसरू लागल्या होत्या. पुढे डेन्मार्कच्या सहकारी दूध डेअऱ्या उभ्या करणाऱ्यांत या शाळांतून गेलेले बरेच शेतकरी होते.

म्हणजे दिवस कमी होते ही माझी सबब खोटी होती. मी शिकवून माझ्या केबिनमध्ये जात होते, एवढंच. आता मी मुलांबरोबर डबा खाते आणि पहिल्या आठवड्यात चाचणी घेत नाही.

खरं तर हे शिकायला डेन्मार्कला जायची गरज नव्हती. आठवीतलं आपलं दहा दिवसांचं श्रमशिबिर आठवतंय ना? तेव्हा रात्री सरही आपल्यातच सतरंजीवर झोपले होते. त्या दहा दिवसांतल्या मैत्रिणी आजही माझ्या फोनमध्ये सगळ्यात वर आहेत. सर, तेव्हा सांगायचं राहिलं, म्हणून आज इथे नमस्कार करते.